डोंबिवलीची साडेआठ, डब्लिनची चार

डब्लिनचा पाऊस मुंबईकराला सांगून पटत नाही. वर्षभरात इथे जेमतेम 750 मिलिमीटर पडतो. सांताक्रूझला एकट्या जुलैत याहून जास्त होतो. पण इथे तो बारा महिने भुरभुरत असतो आणि त्याच्यापायी कुणाचं काही अडत नाही. इथे माणसं घरी बसतात ती वाऱ्यामुळे. 24 जानेवारी 2025 ला एओविन वादळ आलं, देशभर लाल इशारा लागला, शाळा-ऑफिसं बंद झाली. त्या दिवशी मला कामाचा एकही मेसेज आला नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टातली एक संध्याकाळ. माझ्या टीममधली एक मुलगी डोंबिवलीहून मुंबईला ये-जा करते. आमची आठवड्याची मीटिंग डब्लिनच्या चारला, म्हणजे तिच्याकडे रात्री साडेआठला. शीव-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी, लोकल दोन तास जागच्या जागी, आणि ही डब्यात उभी राहून फोनवरून मीटिंगला हजर. मागे बायकांचा आवाज येत होता, कुणीतरी बिस्किटाचा पुडा फिरवत होतं. ती म्हणाली, "माझं स्टेटस आधी सांगून टाकते, बॅटरी बारा टक्केच आहे." आम्ही ऐकून घेतलं. त्या बारा टक्क्यांवर हक्क तिच्या आईचा होता, हे माझ्या लक्षात यायला रात्र झाली.

पूर्वी कुर्ल्याला पाणी भरलं की हजेरी माफ असायची. लोकांचे हालच व्हायचे, त्यात गोड काही नव्हतं. पण निदान त्या दिवशी साहेबाचा हात पोचायचा नाही. आता फोन पोचतो.

तिकडे कामाच्या तासांवरून वाद चालू आहे. 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तासांचा सल्ला दिला, पुढे दुसऱ्या एका उद्योगप्रमुखांनी 90 वर नेला. दुसऱ्या बाजूला सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत मांडलं. खासगी विधेयक आहे, म्हणजे सरकारने नव्हे, एका सदस्याने मांडलेलं. असं विधेयक शेवटचं मंजूर झालं ते 1970 मध्ये. त्यावर माझ्या नात्यातले लोकही म्हणतात, "हे युरोपचे लाड आहेत, आपल्याला परवडणार नाहीत."

आयर्लंडमध्ये या हक्काची संहिता 1 एप्रिल 2021 पासून आहे. त्या वेळी उद्योग-रोजगार खात्याचे मंत्री होते लिओ वराडकर, ज्यांचं घराणं मालवण तालुक्यातल्या वराडचं. संहिता कडक नाही, ती मोडली म्हणून थेट शिक्षा होत नाही. पण तिच्यातलं तिसरं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: दुसऱ्याच्या या हक्काचा मान राखणं हे तुमचंही कर्तव्य आहे. साडेपाचला माझा लॅपटॉप मिटतो, कारण उरलेलं काम तिकडे कुणीतरी रात्री दहाला उचलतं. लाड युरोपचे असतील, पण त्यांची किंमत डोंबिवलीत मोजली जाते. म्हणून परदेशात बसून भारतातल्या 'वर्क कल्चर'वर बोलणाऱ्या आपल्या लोकांचा मला राग येतो. अशा रात्रीच्या मीटिंगचं आमंत्रण बहुतेक वेळा आपल्याच कॅलेंडरमधून गेलेलं असतं. त्या दिवशीचं माझ्याच कॅलेंडरमधून गेलं होतं.

मी मीटिंग सकाळी साडेनऊवर आणली. इथल्या एका सहकाऱ्याला मुलीला शाळेत सोडून धावत यावं लागायचं, त्याची तक्रार रास्त होती. मग सव्वादहा ठरलं. तिकडे तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजलेले असतात. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे जातात, मग पावणेचार. तरी तेव्हा तिकडे लख्ख उजेड असतो.