बाबू, पेटी हाड!

पोर तीन वर्षांचं झालं, चड्डीची नाडी अजून दुसऱ्याने बांधावी लागते, तरी धूम्रपानाच्या धोक्यांचं शिक्षण लगेच सुरू करा. शाळेवर विसंबू नका. जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो ३१ मेला. त्या दिवशी आपल्याकडे शाळेला कुलूप आणि पोरं फणसाखाली. पण घर नेमकं तेव्हाच भरलेलं असतं. लालबागचे काका, डोंबिवलीचे मामा, शिवाय त्यांचे सोबती. एवढा अनुभवी शिक्षकवर्ग अंगणवाडीला कुठून परवडणार?

पहिलं चित्रपुस्तक म्हणून काकांचं पाकीटच हातात द्या. २०१६ पासून त्याचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने भरलेला असतो. ज्याला अननसाचा 'अ' कळत नाही, त्यालाही सडलेला गळा बरोबर दिसतो. 'ह्येका काय झाला?' असं विचारलंच, तर 'आयशीचा ऐकूक नाय, उनात फिरलो' म्हणून मोकळे व्हा. रिकामी पाकिटं फेकू नका. एकामागे एक लावली की कोकणकन्या तयार होते, पोर तासभर त्रास देत नाही.

१९९१ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांनी सिगारेटच्या जाहिरातीतला कार्टून उंट जवळजवळ मिकी माऊसइतक्याच सहज ओळखला होता. कंपनीने त्या उंटावर केवढा पैसा ओतला असेल! आपल्याकडे २००३ च्या कायद्याने जाहिरातींवर बंदी आणली, पण अडलंय कुठे? आपले काका हे काम फुकट करतात. जेवण झाल्यावर पडवीत बंगईवर बसून, डोळे अर्धे मिटून ते पहिला झुरका घेतात, तेव्हा कुठलाही उंट शरमेने मान खाली घालील.

मग प्रात्यक्षिक. 'बाबू, पेटी हाड!' अशी हाक मारा. चुलीपाशी जाऊन काड्यापेटी घेऊन येणारं पोर हुशार गणलं जातं, त्याचं पाहुण्यांसमोर कौतुक करा. दोन-तीन वर्षांत त्याला टपरीपर्यंत बढती द्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायची नाही हे टपरीवाल्याला पाठ असतं, म्हणून तो आधी विचारतो, 'कोणाक?' 'अण्णांक' म्हटलं की कायद्याचं समाधान होतं. शाळेपासून शंभर यार्डांत विक्री चालत नाही, तेही अंतर बरोबर भरतं; फक्त मेरेवरून सरळ न मोजता साकवावरून वळसा घालून मोजायचं. सुटी सिगारेट-विडी विकायला आपल्या राज्यात २०२० पासून बंदी आहे, म्हणून हल्ली ती देताना टपरीवाला आधी रस्त्याकडे एक नजर टाकतो. टपरीच्या खांबाला पेटता सुंभ लोंबकळत असतो. तो जळतो, पीळ तसाच राहतो, आणि तो बघायला पोराची मान बरोबर त्याच उंचीला येते.

'पोराच्या अंगावर धूर नको' हे पथ्य मात्र पाळा. पडवीत बसूनच ओढा. दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि पडवी पश्चिमेला असली की धूर सरळ माजघरात, पाळण्यापर्यंत पोचतो. पण तो वाऱ्याचा दोष. धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात, त्यातली सत्तरेक कर्करोग करणारी. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे या बाबतीत तरी ती मागे पडत नाहीत. कान वारंवार ठणकला, रात्री छाती घरघरली, तर दृष्ट काढा. तरी नाहीच राहिलं, तर दही बंद करा.

घरातल्या बायकांचा या विषयाशी संबंध नाही, कारण त्या ओढत नाहीत. त्या फक्त मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, तेव्हा अख्खं घर खोकतं, मांजरसुद्धा माळ्यावरून उतरून खळ्यात जाऊन बसतं. पण ते भाजणं झालं, धूम्रपान नव्हे. शिवाय मशेरीचा तवा वेगळा आणि घावन्यांचा बिडाचा तवा वेगळा, इतकी शिस्त आपल्याकडे पहिल्यापासून आहे. पोराची दाढ दुखली तर आजी त्याच मशेरीची चिमूट हिरडीवर दाबते. पोर पाच मिनिटांत गुंगून गप्प होतं. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नसतानाही ते आजीसमोर तोंड उघडून उभं राहिलं, तर आजीच्या हाताला गुण आहे एवढंच म्हणा.

एकच जागा अडचणीची आहे. वाडीच्या राखणदाराला, म्हणजे देवचाराला, वर्षाचा मान द्यायचा असतो. रोट, कोंबडा, बाटली आणि शेवटी पेटवलेली विडी. 'बारा पाचाच्या देवा महाराजा' म्हणत गाऱ्हाणं रंगात येतं, सगळे 'होय महाराजा' म्हणतात, आणि तेवढ्यात तुमच्या कडेवरचं सुशिक्षित पोर मोठ्याने विचारतं, 'देवचाराक खोकलो येणा नाय?'

गोंधळू नका. गाऱ्हाणं घालणाऱ्याला थांबवू नका. पोराच्या कानात हळूच सांगा, 'येता रे. पण तो सोडतलो हा, येत्या पयल्या तारखेपासून.'