शतायुषी होण्याचा त्रास

माणसाने किती वर्षं जगावं, हा विषय आमच्या घरात पूर्वी कधी निघाला नव्हता. जगत होतो, भागत होतं. मग मुलीने वाढदिवसाला माझ्या मनगटावर ते घड्याळ बांधलं. जेवून जरा आडवा झालो की ते थरथरतं. उठा, चाला! मी निमूट उठतो, स्वयंपाकघरात जातो आणि आलोच आहोत तर म्हणून गोडाचा डबा उघडतो. झाकण उघडल्याचं घड्याळाला कळत नाही. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या बायकोला कळतं.

रोज दहा हजार पावलं चालायचं. हा आकडा कुणा डॉक्टरने काढलेला नाही बरं का. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांची पावलं मोजून पाहिली, तर साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबतो असं दिसलं. हे मी मुलीला जरा विजयी सुरातच सांगितलं.

"बाबा, त्या बायकांचं सरासरी वय बहात्तर होतं. तुम्ही बहात्तरचे व्हा, मग सवलतीचं बघू."

शिकवलं की मुलं अशी हाताबाहेर जातात.

मग मी आनुवंशिकतेचा आसरा घेतला. आमचे एक काका जन्मभर सिगारेट ओढत नव्वदीपार गेले. असा एक काका प्रत्येक घराण्यात असतो आणि त्याच्या नावावर बाकीचे सगळे मजा मारतात. या पंथाच्या आद्य गुरू म्हणजे फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्मां. जन्म १८७५, मृत्यू १९९७, वय १२२. खात्रीशीर नोंद असलेलं इतकं आयुष्य दुसऱ्या कुणाचंच नाही. बाई शंभरी ओलांडल्यावरही सिगारेट ओढत होत्या, चॉकलेटही मनसोक्त खात होत्या. पण मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या वकिलाची गोष्ट जास्त आवडते. १९६५ साली बाई नव्वदीच्या, वकीलसाहेब सत्तेचाळिशीचे. करार असा, की वकिलाने दरमहा अडीच हजार फ्रँक द्यायचे आणि बाई गेल्या की घर त्याचं. सौदा फायद्याचा, जास्तीत जास्त किती वर्षं द्यावे लागणार! तीस वर्षं द्यावे लागले. घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे भरून १९९५ मध्ये सत्त्याहत्तराव्या वर्षी वकीलच गेला. घरात एक रात्र झोपायला मिळालं नाही, आणि उरलेले हप्ते त्याच्या बायकोने भरले.

ही गोष्ट मी जेवताना रंगवून सांगितली. बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही त्या बाई नाही. तुम्ही वकील."

तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, हे जास्त लागलं. २०११ मध्ये अमेरिकेत पंचाण्णवी गाठलेल्या ज्यू मंडळींना त्यांच्या तरुणपणच्या सवयी विचारल्या. ही मंडळी त्यांच्या पिढीतल्या इतरांपेक्षा काही जास्त शहाणी वागली नव्हती. तेवढाच आळस, तेवढंच पिणं. त्यांना त्यांच्या जनुकांनी सांभाळून घेतलं. एपीओई नावाच्या जनुकाचा जो प्रकार हृदयविकाराचा आणि विस्मृतीचा धोका वाढवतो, तो शंभरीच्या लोकांत कमी सापडतो. थोडक्यात, काकांकडे परवाना होता. ज्यांच्याकडे तो नव्हता आणि तरी ओढत राहिले, ते पन्नाशी-साठीतच गेले. त्यांचे दाखले द्यायला कुणी येत नाही. माझ्याकडे परवाना आहे की नाही, हे मी ओढून बघायचं नाही असं घरात ठरलं आहे.

त्यानंतर ओकिनावा आलं. त्या बेटावरची जुनी माणसं म्हणे पोट ऐंशी टक्के भरलं की ताटावरून उठतात. चांगली गोष्ट आहे. फक्त ऐंशी टक्के कधी झाले हे ज्याचं पोट त्याने ठरवायचं असतं. आमच्याकडे ते बायको ठरवते. मी तिसऱ्यांदा वाढून घ्यायला हात पुढे केला की पातेल्यावर झाकण पडतं. "झाले ऐंशी."

सूड म्हणून मी जपानचीच दुसरी गोष्ट काढली. २०१० साली टोकियोतल्या सर्वांत वृद्ध पुरुषाचा, वय १११, सत्कार करायला म्हणून अधिकारी त्याच्या घरी गेले. आजोबा तीसेक वर्षांपूर्वीच खोलीत वारले होते, आणि घरचे त्यांच्या नावावर पेन्शन खात होते. मग देशभर नोंदी तपासल्या, तर कागदावर जिवंत असलेल्या दोन लाखांहून जास्त शतायुषींचा पत्ताच लागेना. माझ्या मते दीर्घायुष्याचा हा एकच मार्ग असा आहे, की ज्याला व्यायाम लागत नाही.

शेवटचा आधार म्हणजे सासूबाई. वय नव्वदीच्या पुढे, सगळे दात शाबूत, माझ्या चुका तारीखवार पाठ. डेन्मार्कमधल्या जुळ्यांवरून १९९६ साली हिशेब निघाला होता, की आयुर्मानातला साधारण चतुर्थांश फरक आनुवंशिक असतो. बाकीचं सवयी, परिस्थिती आणि नशीब. पण २०१८ मध्ये कोट्यवधी लोकांच्या वंशावळी चाळल्यावर तो वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला. कारण मोठं गमतीचं आहे. रक्ताचं नातं नसलेल्या सासरच्या मंडळींचं आयुष्यही एकमेकांशी जुळत होतं! माणसं लग्न करताना नकळत आपल्यासारखंच माणूस निवडतात, आणि त्यातून आलेलं सारखेपण आधीच्या हिशेबात जनुकांच्या खात्यावर पडत होतं. मी ताडकन उठून बायकोला म्हटलं, "बघ! तुझी आई नव्वदीपार, म्हणजे माझीही सोय झाली."

तिने चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. पोटाकडे जरा जास्त वेळ.

"आईची जनुकं माझ्याकडे आलीत, तुमच्याकडे नाही. मी पंच्याण्णवपर्यंत जाते असं धरून चला. तुमच्या पेन्शनचे कागद कुठल्या कपाटात आहेत, ते आजच दाखवून ठेवा."