खोबरेल तेल डोक्याला लावा, ॲक्सिलरेटरला नको

डिसेंबरात एका सकाळी साडेसातला साताऱ्याहून दादाचा फोन आला. मागे इंजिन नुसतं बोंबलत होतं आणि त्यावरून दादा ओरडत होता, "अरे, पाय काढला तरी रेस खाली येत नाहीये!" म्हटलं, आधी चावी बंद कर, मग बोल. गाडी अंगणातच उभी होती, न्यूट्रलमध्ये, हे नशीब. थोड्या वेळाने ती खंबाटकी घाटाच्या उतारावर असती.

चौकशी केली तेव्हा कळलं की आदल्या रविवारी दादाने घरच्या घरी ॲक्सिलरेटर 'दुरुस्त' केला होता. कशावरून? फॅमिली ग्रुपवर आलेल्या मेसेजवरून. तो त्यानेच मलाही पाठवला होता, वर "कामाचं आहे, सेव्ह करून ठेव" असं लिहून. मी न वाचताच अंगठा दाखवला होता. तेवढी चूक माझी.

मेसेज तुमच्यापर्यंतही पोचला असेल. मथळा: "गॅरेजवाले लुटतात! ॲक्सिलरेटर अडकतोय? 10 मिनिटांत घरीच दुरुस्त करा." खाली सात मुद्दे. पेडलच्या बिजागरीत आणि केबलमध्ये खोबरेल तेल सोडा. पेडल परत येत नसेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून मागे ओढून ठेवा. पेडलखाली जाड मॅट टाका, म्हणजे पेडल कमी दाबलं जातं आणि पेट्रोलही वाचतं. चालत्या गाडीत अडकलं तर ब्रेक पुन्हा पुन्हा मारा. हँडब्रेक ओढा आणि चावी काढून घ्या. क्लच दाबू नका, न्यूट्रल करू नका, इंजिन फुटेल. आणि सातवा, हे सर्व गाड्यांना लागू. शेवटी नेहमीप्रमाणे, पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.

तेलापासून सुरुवात करू, कारण आमच्या घरी घोटाळा तिथेच झाला. खोबरेल तेल साधारण 24-25 अंशांखाली थिजतं. हे सांगायला पदवी लागत नाही, थंडीत बाथरूममधली बाटली गीझरखाली धरणाऱ्या प्रत्येक घराला ते ठाऊक आहे. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे बारा-तेरा अंश असतात. दादाची गाडी वीस वर्षांची, केबलवाली. केबल म्हणजे एका नळीतून सरकणारी तार. तिचं एक टोक पेडलला, दुसरं इंजिनावरच्या थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला. त्या नळीत दादाने रविवारी दुपारच्या उन्हात वाटीभर पातळ तेल सोडलं. तेव्हा पेडल लोण्यासारखं चाललं, त्याने ग्रुपवर व्हिडिओही टाकला. मंगळवारी पहाटे त्याच तेलाचं तूप झालं. दाबलेली तार अर्ध्यावर थांबली आणि इंजिन रेस मारत बसलं.

आणि उन्हाळ्यात तरी काय? तेलावर धूळ बसते, धुळीचा चिकट लेप होतो. बऱ्याच केबलींना आत नायलॉनचं किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं आणि त्या कोरड्याच चालाव्यात अशा बनवलेल्या असतात. तिथे तेल सोडणं म्हणजे घाणीला आमंत्रण.

दादाचा उत्साह इथे संपला नाही. उरलेलं तेल त्याने वहिनीच्या गाडीलाही लावलं. ती गाडी चार वर्षांची, तिच्यात केबलच नाही! पेडलच्या मुळाशी सेन्सर असतात. पेडल किती दाबलंय हे ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतात आणि थ्रॉटल एक छोटी मोटर उघडते. सेन्सर सहसा दोन असतात. दोघांचं सांगणं जुळलं नाही की पॅनेलवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी जेमतेम रांगते. अशा पेडलला जो थोडा जडपणा जाणवतो तो गंज नसतो. जुन्या केबलसारखं वाटावं म्हणून कंपनीने मुद्दाम दिलेलं ते घर्षण असतं. टोयोटाने जानेवारी 2010 मध्ये अमेरिकेत सुमारे 23 लाख गाड्या परत बोलावल्या त्या याच घर्षणाच्या भागापायी. तो झिजून आणि दमट होऊन पेडल हळू परतत होतं. त्यावर कंपनीने तेल सोडलं नाही, पेडलमध्ये मापात कापलेली पोलादी पट्टी बसवली. तेव्हा "सर्व गाड्यांना लागू" हा सातवा मुद्दा इथेच निकालात निघाला.

ट्यूबच्या पट्टीवर शाई वाया घालवत नाही. थ्रॉटलला कारखान्यातूनच परतीच्या स्प्रिंगा असतात. त्या असूनही पेडल परतत नसेल तर कुठेतरी काहीतरी अडतंय. ते न शोधता रबर बांधायचं, आणि एक दिवस ते रबर निसटून ब्रेकच्या दांड्याला गुंडाळलं की मग कोणाला फोन करायचा?

आता मॅट. सातांतला सगळ्यात जीवघेणा मुद्दा हाच, पण दिसायला इतका निरुपद्रवी की दादाच काय, मीही त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो असतो.

28 ऑगस्ट 2009. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ सँटी नावाचं गाव आहे. हायवे पोलिसातला एक अधिकारी, त्या दिवशी सुट्टीवर, बायको, मुलगी आणि मेहुण्यासह टोयोटाचीच लेक्सस ईएस 350 चालवत होता. त्याची स्वतःची गाडी दुरुस्तीला होती, ही डीलरने तात्पुरती दिलेली. रेस अडकली. गाडी ताशी 100 मैलांच्या, म्हणजे 160 किलोमीटरच्या वर गेली. मेहुण्याने गाडीतूनच आपत्कालीन क्रमांकाला फोन लावून सांगितलं, ॲक्सिलरेटर अडकलाय, ब्रेक लागत नाहीयेत. महामार्ग जिथे संपतो त्या चौकात गाडी दुसऱ्या गाडीला धडकून खाली कोसळली आणि पेटली. चौघेही गेले. हयातभर हायवेवर गाडी चालवण्याचीच नोकरी केलेला माणूस होता तो.

तपासात कारण काय निघालं? मॅट. दुसऱ्या मॉडेलची जाड रबरी मॅट, खालच्या क्लिपला न अडकवता नुसती टाकलेली. ती पुढे सरकली आणि पूर्ण दाबलेलं पेडल तिच्या कडेला अडकलं. त्याहून चीड आणणारी गोष्ट अशी की काही दिवसांपूर्वी त्याच गाडीत दुसऱ्या एका ग्राहकाचं पेडल तसंच अडकलं होतं. त्याने ब्रेकवर जोर देऊन गाडी कडेला घेतली, मॅट सोडवली आणि परत करताना डीलरकडे तसं सांगितलंही. मॅट तिथेच राहिली. पुढे कंपनीने सुमारे 38 लाख गाड्यांच्या मालकांना मॅट काढून ठेवायला सांगितलं आणि दुरुस्तीत काही मॉडेलांची पेडलंच खालून कापून आखूड केली. नंतर अमेरिकन सरकारने नासाच्या अभियंत्यांकडून इलेक्ट्रॉनिक्स तपासून घेतलं. फेब्रुवारी 2011 च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. यांत्रिक कारणं दोनच उरली, मॅट आणि चिकटणारं पेडल. बाकी अनेक प्रसंगांत चालकाचा पायच चुकीच्या पेडलवर पडला होता.

म्हणजे तिकडे पेडल आणि मॅट यांच्यात जागा राहावी म्हणून पेडल कापली गेली, आणि आमच्या ग्रुपवर ती जागा भरून काढायला सांगतात. तेही पेट्रोल वाचवायला! आपल्याकडे तर आधीच थरावर थर असतात. कंपनीची मॅट, तिच्यावर ती फुगीर सेव्हन-डी, पावसाळ्यात चिखल लागू नये म्हणून वर आणखी एक रबरी, आणि कुणीकुणी त्यावर वर्तमानपत्र. वहिनीच्या गाडीत हात घालून पाहिलं तर तीन मॅटा निघाल्या. सगळ्यात वरची ढकलली की सरळ पेडलखाली जात होती. ड्रायव्हरच्या पायाखाली एकच मॅट हवी, त्याच गाडीची, क्लिपला अडकवलेली. पाण्याची बाटलीही तिथे लोळता कामा नये.

आता चालत्या गाडीतले सल्ले. "ब्रेक पुन्हा पुन्हा मारा." अजिबात नाही! पायाला हलका लागणारा ब्रेक हा बूस्टरच्या, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या, जोरावर असतो आणि पेट्रोल गाडीत त्या बूस्टरला लागणारी पोकळी इंजिनाच्या ओढीतून मिळते. थ्रॉटल पूर्ण उघडा राहिला की ती ओढच संपते. बूस्टरमध्ये साठलेली पोकळी एक-दोन दाबांपुरती असते. तिसऱ्यांदा पाय दिला की पेडल दगडासारखं लागतं. (डिझेलला वेगळा पंप असतो, तिथे हे इतकं होत नाही. पण ब्रेक पुन्हा पुन्हा मारायची गरज तिथेही नाही.) ब्रेक एकदाच, दोन्ही पायांनी लागला तरी चालेल, पूर्ण ताकदीने दाबायचा आणि सोडायचा नाही. ब्रेक इंजिनाला हरवतो. एका अमेरिकन मोटार मासिकाने 2009 मध्येच टोयोटाच्या सहा सिलिंडरवाल्या (व्ही-6) कॅमरीवर हे करून पाहिलं. ताशी 70 मैलांवरून एरवी गाडी 174 फुटांत थांबली, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून 190 फुटांत. फरक सोळा फुटांचा, एका गाडीच्या लांबीएवढा. पण हे पहिल्याच जोरकस दाबाचं गणित आहे. मधे मधे सोडत, घासत नेलं तर ब्रेक तापून जळतात. सँटीच्या गाडीचे तसेच जळलेले सापडले.

हँडब्रेक मागच्या दोन चाकांवर चालतो. वेगात झटक्यात ओढला तर गाडी गरकन फिरते, ओल्या घाटात तर बघायलाच नको.

"चावी काढून घ्या" लिहिणाऱ्याने आयुष्यात स्टिअरिंग लॉक पाहिलेलं नसावं. चावी काढली आणि स्टिअरिंग जरा फिरलं की खट्कन लॉक. मग वळण डावं असो की उजवं, गाडी सरळच जाणार. चावी एक खटका मागे घ्यायची, इंजिन बंद होण्यापुरती, आणि तीही वेग बऱ्यापैकी उतरल्यावर, कारण इंजिनाबरोबर पॉवर स्टिअरिंगची मदतही जाते. बटणवाल्या गाडीत बटण साधारण तीन सेकंद दाबून धरावं लागतं. टिचकी मारून चालत्या गाडीचं इंजिन बंद होत नाही. आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते पुस्तिकेत एकदा वाचून ठेवा. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसीखाली सापडेल.

आणि तो "इंजिन फुटेल" वाला मुद्दा. याच्यावर माझा खरा राग आहे, कारण बाकीचे सल्ले चुकीचे आहेतच, पण हा जे सगळ्यात सोपं काम जीव वाचवतं तेच करू नका म्हणतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या अजून गिअरच्या. डावा पाय क्लचवर, बस! इंजिन आणि चाकं यांचं नातं तुटलं. ऑटोमॅटिक असेल तर दांडा 'एन' वर. इंजिन भयंकर ओरडेल, ते ओरडू दे. इंजेक्शनवाल्या, म्हणजे कॉम्प्युटर इंधन सोडतो त्या इंजिनांत फेऱ्यांच्या ठरावीक आकड्यापुढे इंधनच तोडलं जातं, ते फुटत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ही सोय नसते, तिथे क्लच दाबून गाडी आवरली की लगेच चावी मागे घ्यायची. आणि समजा फुटलंच इंजिन, तर फुटू दे ना! इंजिन बांधून मिळतं. अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले गेले तर कॉम्प्युटर ब्रेकचं ऐकून इंजिनाची ताकद तोडतो, पण त्या भरवशावर राहू नका.

मेसेजात खरं काहीच नाही का? आहे, थोडं. गॅरेजवाले लुटतात हे मी खोडून काढणार नाही. एकाने मला केबलच्या तक्रारीवर अख्खी थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली होती. घरी काहीच करता येत नाही असंही नाही. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबा आणि सोडा, टप्पकन वर आलं पाहिजे. केबलवाली गाडी असेल तर बॉनेट उघडून थ्रॉटलवरची चकती हाताने फिरवून सोडा. ती सहज परतली तर दोष केबलमध्ये किंवा पेडलकडे. तिथेच अडखळली तर बहुधा आत काजळी धरलेली असते. ती साफ करायचा स्प्रे दुकानात मिळतो आणि हात बसलेला माणूस ते घरी करतोही, मात्र मोटरवाल्या थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नये. केबलची एखादी तार जरी सुटलेली दिसली तर तेल नाही, नवी केबल. ती काही शे रुपयांत येते. पण हे सगळं दोष शोधण्यापुरतं. रेस एकदा जरी अडकलेली असेल तर गाडी स्वतः चालवत गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

दादाने तेच केलं. मिस्त्रीने जुनी केबल उपसली तेव्हा तिला पांढरा थर होता आणि वासावरून तो म्हणाला, "दादा, फोडणी कुठली घातली?" वहिनीची गाडी मी शनिवारी जाऊन पाहिली. दोन मॅटा बाहेर काढल्या. मग ब्रेकवर पाय ठेवला तर बूट सटकन बाजूला गेला. ॲक्सिलरेटरवर सोडलेलं तेल ब्रेकच्या रबरावर उतरलं होतं आणि वहिनी चार दिवस त्यावरच मुलांना शाळेत सोडत होती. जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन अर्धा तास ते रबर घासत बसलो. तेवढी दुरुस्ती मात्र घरच्या घरीच झाली.