अरुण खेत्रपाल आणि ‘एकट्याने उडवलेले दहा रणगाडे’

डिसेंबर आला की एक फॉरवर्ड फिरू लागतो: ‘२१ वर्षांच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालने वरिष्ठांचा हुकूम मोडून आपली जागा सोडली, एकट्याने पाकिस्तानचे दहा पॅटन रणगाडे उडवले. आजवरचा सर्वांत तरुण परमवीर. आणि परमवीरचक्र तर मरणोत्तरच देतात.’ ही १९७१ च्या भारत-पाक युद्धातली बसंतरची लढाई. शौर्याबद्दल वादच नाही. तपशिलांत मात्र घोळ आहे.

आधी दहाचा आकडा. परमवीरचक्राच्या मानपत्रातच हिशेब दिलेला आहे: चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यांपैकी चार खेत्रपालांचे. अखेरच्या हल्ल्यासमोर त्या बाजूला तीनच भारतीय रणगाडे उभे होते. दुसऱ्या दोन रणगाड्यांवर कॅप्टन मल्होत्रा आणि लेफ्टनंट अहलावत होते. सगळे दहा एकाच्या नावावर टाकले की हे दोघे लढाईतून पुसलेच जातात.

चारही ‘एकट्याने’ नव्हेत. खेत्रपालांचा रणगाडा सेंच्युरियन जातीचा, आणि सेंच्युरियनमध्ये चौघे असतात. कमांडर लक्ष्य हेरतो, कशावर आणि कधी मारायचं ते ठरवतो. गनर नेम धरून तोफ डागतो. लोडर पुढचा गोळा भरतो आणि रेडिओही सांभाळतो. ड्रायव्हर रणगाडा आडोशाला नेतो, मोक्यावर बाहेर काढतो. यातला एक जरी चुकला तरी पहिला गोळा समोरच्याचा. ‘फामागुस्ता’ नावाच्या त्या रणगाड्यात गनर नथू सिंग, ड्रायव्हर प्रयाग सिंग आणि रेडिओवर नंद सिंग होते. नंद सिंग तिथेच धारातीर्थी पडले. फॉरवर्डमध्ये तिघांपैकी एकाचंही नाव नसतं.

‘हुकूम मोडून जागा सोडली’ हे तर दोन वेगळे प्रसंग एकत्र कालवून बनलं आहे. १५ डिसेंबर १९७१ च्या रात्री ४७ इन्फन्ट्री ब्रिगेडने शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे पाय रोवला होता. सुरुंग पुरते काढून व्हायच्या आत १७ पूना हॉर्स या खेत्रपालांच्या रेजिमेंटचे रणगाडे त्यातून पलीकडे गेले, कारण पलीकडच्या पायदळाला शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसत होती. १६ तारखेला सकाळी धुराच्या पडद्याआडून जरपाल गावाजवळ प्रतिहल्ला आला. रेजिमेंटच्या ‘बी’ स्क्वाड्रनने, म्हणजे एका उपतुकडीने, रेडिओवर कुमक मागितली आणि ‘ए’ स्क्वाड्रनचे खेत्रपाल आपली तुकडी घेऊन धावले. हे मागणीला उत्तर होतं, बंडखोरी नव्हे. वाटेत शत्रूच्या तोफांची ठाणी लागली. ती चिरडत, काही ठिकाणी पिस्तूल रोखून माणसं ताब्यात घेत ते पुढे सरकले.

नकार आला तो नंतर. रणगाड्याला गोळा लागून आग लागली, ते स्वतः जबर जखमी झाले, तेव्हा बाहेर पडायला सांगण्यात आलं. अहलावतांचा रणगाडा जायबंदी, मल्होत्रांची तोफ बंद पडलेली. खेत्रपालांची तोफ चालू होती. ते उतरले असते तर तेवढ्या पट्ट्यात अडवणारं कुणीच नव्हतं. त्यांनी आणखी एक रणगाडा टिपला. मग दुसरा गोळा बसला. रणगाडा का सोडला नाही, याचं उत्तर या हिशेबात आहे. ‘तरुण रक्त’ म्हणून ते उडवून लावणं मला पटत नाही.

वयाचं थोडक्यात. जन्म पुण्यात, १४ ऑक्टोबर १९५०. १९७१ साली ते सर्वांत तरुण परमवीर होते. पण १९९९ मध्ये कारगिल युद्धात टायगर हिलवर लढून परमवीर ठरलेले योगेंद्र सिंग यादव तेव्हा १९ वर्षांचे होते. मरणोत्तर परमवीरांत मात्र खेत्रपालच सर्वांत लहान, तेव्हा एक ‘मरणोत्तर’ घातला तरी वाक्य बरोबर होईल.

राहिला शेवटचा दावा. परमवीरचक्र मिळालेल्या २१ जणांपैकी १४ मरणोत्तर आहेत, सात जणांना ते हयातीत मिळालं. लांब कशाला, याच लढाईत, याच जरपालमध्ये ३ ग्रेनेडियर्स या पायदळ पलटणीचे मेजर होशियार सिंग लढले, वाचले, आणि त्यांनाही परमवीरचक्र मिळालं.