सहाच्या आत जोमसोम

नेपाळातल्या मुक्तिनाथला जाऊन आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "रस्ता कसा आहे?" रस्ता भयंकर आहे. पण त्याहून भयंकर होता आमच्या हातातला गुळगुळीत कागदावरचा छापील कार्यक्रम. "चौथा दिवस : सकाळी नाश्ता करून पोखराहून प्रस्थान. संध्याकाळी सहापर्यंत जोमसोम. रात्रीचे जेवण व मुक्काम." जोमसोम म्हणजे मुक्तिनाथच्या अलीकडचं मुक्कामाचं गाव. एका ओळीत विषय संपला!

पोखरा ते बेनी साधारण 80 किलोमीटर, बेनी ते जोमसोम 75 च्या आसपास. आकडे बघून आपल्याला वाटतं, पुणे-मुंबईएवढंच तर आहे. आमच्या जीपमधले एक निवृत्त काका तर पोखराला नाश्त्यालाच म्हणाले, "आम्ही वरंध आणि आंबेनळी घाट पावसाळ्यात केलेत, हे काय सांगता!" काकांचा आवाज बेनीच्या पुढे पंधरा मिनिटांत बंद झाला.

सह्याद्रीच्या घाटात दरडी पडतात, माणसं जातात, हे काही आपल्याला नवीन नाही. पण कालीगंडकीची गोष्टच वेगळी. एका अंगाला धौलागिरी, 8167 मीटर. दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, 8091. मधल्या खाचेतून नदी येते आणि नदीला धरून रस्ता. मुळात ही खेचरांची वाट. तिबेटचं मीठ या वाटेनं खाली यायचं, खालचं धान्य वर जायचं, आणि मधल्या गावांतले थकाली व्यापारी त्यावर मोठे झाले. पुढे मोटारी न्यायच्या म्हणून डोझर लावून डोंगराचा पायथा कापत गेले. पायथा कापला की वरचा उतार उघड्यावर पडतो. त्यात पाणी मुरलं की तो खाली यायला कारण लागत नाही. 2015 च्या भूकंपानंतर महिनाभरात बेनीच्या वरच्या बाजूला अख्खी दरड नदीत उतरली होती आणि काही तास कालीगंडकीच अडली होती. नदी अडवणाऱ्या डोंगरापुढे आपल्या जीपची काय कथा?

आम्ही गेलो ते दसऱ्याच्या आधी, पाऊस नुकताच ओसरलेला. तातोपानीपर्यंत हाडं खिळखिळी झाली, पण जीव थाऱ्यावर होता. रुप्से धबधब्याच्या पुढे चढावर समोरून सफरचंदांच्या पेट्या लादलेला ट्रक आला. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम, पण भरलेला ट्रक त्या चिखलात मागे कसा घेणार? मग आम्हीच मागे. ट्रकचा खलासी उडी मारून आमच्या मागे गेला आणि जीपच्या पत्र्यावर थाप मारत "आउनुस्, आउनुस्" (या, या) करत राहिला. मी दरीकडच्या खिडकीत. खाली बघितलं तर रस्त्याची कड दिसेना, थेट नदी. मागचं चाक किंचित सरकलं, दोन धोंडे सुटले, आणि ते खाली पोचल्याचा आवाजही आला नाही, पाण्याचा घोंगाट एवढा होता. जाऊबाईंनी विष्णुसहस्रनाम सुरू केलं होतं, ते "विश्वं विष्णुः"च्या पुढेच सरकेना. ट्रक आमच्या आरशाला चाटून गेला. चालवणाऱ्या मुलानं आरसा बाहेर हात घालून सरळ केला आणि पहिला गिअर टाकला. बस, एवढंच.

हा मुलगा बेनीचाच, असेल पंचविशीचा. नेपाळात ड्रायव्हरला "गुरुजी" म्हणतात. टपरीवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळे त्याला गुरुजी म्हणत होते, आणि आमचे काका मात्र शेवटपर्यंत "ए भैया".

खरी परीक्षा पुढे होती. घासा गावाच्या अलीकडे दरडीचा राडा उपसायचं काम चालू होतं, तिथे दोन-अडीच तास गेले. घासाला पोचेपर्यंत अंधारायला लागलं. मुलानं गाडी एका लॉजसमोर लावली, किल्ली खिशात टाकली आणि चुलीजवळ जाऊन चहा मागवला. म्हणाला, "आगे नहीं जाएगा. नाले में पानी बढ़ा होगा. सुबह पाँच बजे."

मग जो तमाशा झाला! जोमसोमच्या हॉटेलचे पैसे आधीच भरलेत, उद्याचं दर्शन चुकेल, परवाचं काठमांडूचं विमान चुकेल. काकांनी थेट टूरवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिकडून पंख्याखाली बसून हुकूम आला, "उसको बोलो चलाने को, सब गाड़ियाँ जाती हैं!" मुलानं ऐकलं, मान डोलावली आणि दुसरा चहा मागवला.

त्याचं म्हणणं साधं होतं. दिवसभराच्या उन्हात वरचा बर्फ वितळतो. ते पाणी ओढ्यात उतरेपर्यंत दुपार टळते, म्हणून संध्याकाळी ओढा फुगलेला असतो आणि पहाटे सगळ्यांत उथळ. रस्ता ओढ्यातूनच जातो, पूल नाही. अंधारात पाणी किती आणि खालचा दगड कुठे सरकलाय, हे हेडलाइटमध्ये कळत नाही. हे ज्याला कळतं त्याच्या हातात स्टिअरिंग होतं, हे आमचं नशीब. पण निर्णय त्याच्या हातात ठेवायची आमच्यातल्या अर्ध्या लोकांची तयारी नव्हती, त्याचा मला अजून राग येतो.

पहाटे निघालो. त्या ओढ्यात पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत होतं. दुपारच्या आत मुक्तिनाथला एकशे आठ धारांखाली डोकं घातलं. शिवाय घासाच्या मुक्कामाचा फायदाच झाला. पोखरा जेमतेम 800 मीटर, मुक्तिनाथ 3700 च्या वर. साठी-पासष्टीच्या माणसांना विरळ हवेत इतकं झपाट्यानं वर चढवणं हा प्रकार धोक्याचाच आहे. आमच्याच टूरच्या पुढच्या जीपमधले, जे रात्री दहाला जोमसोमला पोचले होते, त्यांच्यातले दोघं डोकं धरून हॉटेलातच पडून राहिले.

"मग विमानानं जा की" हाही सल्ला मिळतो. पोखरा-जोमसोम विमानं सकाळीच उडतात, कारण दुपारी त्या दरीत वारं सुटतं. 2022 च्या मे महिन्यात सकाळीच निघालेलं विमान कोसळलं, 22 जण गेले, त्यात ठाण्याचं एक कुटुंब होतं. मग माणूस जीपच पसंत करतो.

आणि हे फक्त वरच्या कच्च्या रस्त्याचं नाही. 12 जुलै 2024 ला पहाटे, अंधारात, चितवनच्या सिमलतालला दरडीनं दोन बसगाड्या त्रिशूली नदीत लोटल्या. पुढच्याच महिन्यात आपल्या जळगावकडच्या यात्रेकरूंची बस पोखराहून काठमांडूला जाताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. वरणगाव-भुसावळकडे अजून लोक त्याबद्दल बोलताना थांबतात. तरीही भर पावसाळ्यातल्या नेपाळ टूरच्या जाहिराती येतच असतात. "6 रात्री 7 दिवस : पशुपतिनाथ, मनकामना, पोखरा, मुक्तिनाथ." हे गणित बसवायचं तर कुठेतरी रात्री गाडी चालवावीच लागते. टूरवाला ते कागदावर लिहीत नाही आणि आपणही विचारत नाही, कारण शेजारच्यापेक्षा आपली टूर तीन हजारांनी स्वस्त पडलेली असते.

माझ्या भावजयीला वैशाखात जायचंय. तिला म्हटलं, जाताना तातोपानीला किंवा घासाला एक मुक्काम लिहून घे, अंधारात गाडी चालणार नाही असंही लिहून घे, आणि काठमांडूचं विमान एक दिवस पुढचं काढ. तिनं विचारलं तर टूरवाला म्हणाला, "ताई, तुम्ही पहिल्याच आहात असं मागणाऱ्या. माणशी दोन रात्री वाढतील, बाकीचे तयार होणार नाहीत." आता ती वेगळी जीप करून जाणारी चार माणसं शोधतेय. तीन मिळालीत.