पाच, पण शेऱ्यासकट

खेळाडूंची जुनी फोटो-कार्डं तपासून त्यांना गुण देणाऱ्या कंपनीकडून परवा माझं कार्ड अमेरिकेहून परत आलं. जाड प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर ५ हा आकडा आणि त्याला चिकटून दोन अक्षरं : एमके. म्हणजे कार्डावर खुणा आहेत, असा शेरा. खुणा कसल्या, तर माझं नाव. पाठीमागं, निळ्या शाईत, खाली रेघ ओढून : इयत्ता ५ वी, तुकडी ब.

कार्ड फ्लिअर नावाच्या कंपनीचं, १९८६ चं, १३२ च्या संचातलं ५७ नंबरचं, मायकेल जॉर्डन. १९९२ मध्ये आत्याच्या मुलानं तिकडून आणून दिलेलं. जॉर्डन कोण हे तेव्हा परभणीत मला कोण सांगणार? पण वस्तू आपली झाली की तिच्यावर नाव घालायचं, हा आमच्या घरचा कायदा. आईनं पळीवरसुद्धा नाव घालून घेतलंय. नाव घातल्यानं तांब्याची किंमत उतरली असं भांडेवाला आजवर कधी बोलला नाही.

आता प्रश्न असा, की आहे तसं विकावं की डबी फोडून परत पाठवावं? शेऱ्याशिवाय नुसता आकडा द्या, असं सांगता येतं. पण मग ते आकडाच खाली आणतात. शिवाय परत पाठवायचं म्हणजे परत फी. तेच कार्ड दुसऱ्या खेपेला वेगळे गुण घेऊन येतं म्हणून माणसं पुन्हापुन्हा पाठवतात, आणि दर खेपेला पैसे मोजतात. परीक्षकाचं मन बदललं तर त्याचा खर्च माझ्याकडून का?

एका गिऱ्हाईकाला दोन्ही बाजूंचे फोटो हवे होते, म्हणून वसमत रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथं स्टुलावर एक निवृत्त सर पेपर वाचत बसलेले. पेपर दुकानाचा, चहाही दुकानाचाच.

"कोण हाय ह्यो?" सरांनी डबी हातात घेतली.

"जॉर्डन. बास्केटबॉलवाला."

"आन् पाच कशाचे?"

"दहापैकी."

"मंग पास हाय की!"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी त्यांना अख्खी गुणपद्धत सांगितली. एकाला पुअर, दोनाला गुड, तिनाला व्हेरी गुड, पाचाला एक्सलंट, दहाला जेम मिंट, म्हणजे अगदी कोरं. सरांनी पेपरची घडी घातली.

"दोनाला गुड?"

"हो."

"धापैकी दोन? आन् तिनाला व्हेरी गुड?" सर छताकडं बघत राहिले. "म्हंजे शंभरात तीस. आमच्याकडं पस्तीसला पास. मास्तरकीत तीसवाली किती लेकरं नापास केली म्या! समदी व्हेरी गुड निघाली की ओ!"

ते खरोखर हळहळले. मग एकदम परीक्षक झाले. "पुनर्मूल्यांकनाला टाका. पण आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स लागती. त्याबिगर अर्ज घेत न्हाईत."

दुकानदारानं तोवर डबी काचेवर उपडी ठेवली होती. प्रत आली ती निम्मी काळी, निम्मी पांढरी. तो म्हणाला, "सायेब, ह्ये मागचं नाव थिनरनं जाईल. आतून काढा, दोन मिंटात पुसून देतो."

मी ओरडलोच. पुसलं, कापलं, रंगवलं की कार्डाला आकडाच मिळत नाही, नुसता 'फेरफार केलेलं' असा शिक्का. अर्थात, पकडलं तर. होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलवाल्याचं १९०९ ते १९११ च्या काळातलं एक कार्ड कडा कापून आठ गुण घेऊन मिरवत होतं. विकणाऱ्यानं २०१३ मध्ये कोर्टात कबुली दिली. आणि त्याच वॅग्नरचं दुसरं, दोन गुणांचं, म्हणजे सरांच्या भाषेत वीस टक्केवालं, २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. कापलेल्याला आठ, आणि मी इमानदारीनं स्वतःचं नाव लिहिलं तर शेरा!

हे मी तावातावानं बोललो. वाटलं, सर आपल्या बाजूनं बोलतील.

"थांबा. नाव तुम्ही सोताच लिव्हलं?"

"हो."

"उत्तरपत्रिकेवर?"

"कार्डावर, सर."

"येकच. बोर्डात ओळख पटंल असं काय बी लिव्हलं की गैरप्रकार धरत्यात. फकस्त बैठक क्रमांक लिवायचा." चिठ्ठीवर कार्डाचा लांबलचक नंबर होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो काय, हाय की. मंग नाव कामून लिव्हलं? त्यांचं बरोबर हाय."

पाचवीतल्या पोराला तेहेतीस वर्षांनी कॉपीत धरलं. तेही माझ्या पैशानं काढलेल्या झेरॉक्ससमोर.

दुकानदार डबी उलटीपालटी करत होता. नखानं कडा खरवडून बघितली, दाबून बघितली.

"लॅमिनेशन मात्र जाड केलंय," तो म्हणाला. "किती घेतले?"

मी आकडा सांगितला. त्यानं डबी हळूच काउंटरवर ठेवली, बाहेर जाऊन शेजारच्या मोबाईलवाल्याला आणि चहावाल्याला बोलावून आणलं आणि म्हणाला, "सायेब, ह्यांना बी सांगा जरा."