आत्तीनं पायावरची खूण साबणानं घासली, त्या मेसेजला उत्तर

'हॉस्पिटलवाल्यांचे हे पाच खेळ ओळखा' असा एक मेसेज गेले दोन आठवडे कोल्हापुरात फिरतोय. खाली 'एका निवृत्त सर्जनचा ५० वर्षांचा अनुभव' एवढंच, नाव नाही गाव नाही. मला तो आधी रंकाळ्याच्या वॉकिंग ग्रुपवर आला, मग माहेरच्या ग्रुपवर, दोन्हीकडं मी गप्प बसले. मी आधी वॉर्डात सिस्टर होते, आता हॉस्पिटलमध्ये क्वालिटीचं काम बघते, असल्या प्रत्येक मेसेजला उत्तर देत बसले तर घरात भाकरी कोण थापणार.

पण गेल्या मंगळवारी आत्तीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं (मी काम करते तिथं नाही, दुसरीकडं). आदल्या संध्याकाळी सर्जननी येऊन उजव्या मांडीवर मार्करनं बाण काढला होता. सकाळी ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात सिस्टर बघते तर बाण गायब. आत्तीला विचारलं तर म्हणते कशी, "घासून धुतलो की साबणानं! भिशीच्या ग्रुपवर आलंय, शाई रक्तात जाती म्हणून." काय बोलणार.

म्हणून मेसेजमधला दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तोच सगळ्यात येडपट आणि सगळ्यात घातकी आहे. मेसेज म्हणतो, 'अवयवावर पेनानं खूण करणाऱ्या डॉक्टरला डावं-उजवं कळत नाही, शाईमुळं इन्फेक्शन होतं, खूण दिसल्यास पुसून टाका.'

पहिलं शाईचं. खूण कातडीवर असते, तिच्यावरनं ओटीत परत औषध लावून सगळी जागा साफ करतात, आणि त्या साफसफाईत टिकावी म्हणून तर पक्का मार्कर वापरतात. तुमच्या घरातल्या साबणानं रगडून रगडून कातडी सोलली तर मात्र इन्फेक्शनला दार उघडतं, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता डावं-उजवं. आत्तीचे दोन्ही गुडघे झिजलेत, एक्स-रेत दोन्ही सारखेच खराब. उजवा आता, डावा दिवाळीनंतर. आत नेल्यावर तिला भूल दिलेली, अंगावर सगळीकडं हिरवी कापडं, एक्स-रेची फिल्म उलटी लावली की डाव्याचं उजवं. अशा वेळी चांगल्यातला चांगला माणूस चुकतो. १९९५ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपा शहरात, एका माणसाचा नको तोच पाय कापला होता, ती बातमी जगभर गेली. २००४ पासून तिकडं मानांकन असलेल्या हॉस्पिटलांना ऑपरेशनआधी जागेवर खूण करणं सक्तीचं झालं. आणि खूण पेशंट जागा असताना, त्याला विचारूनच करायची असते.

आमच्या दादानं (आत्तीचा थोरला) आणि वर डोकं चालवलं, म्हणाला दुसऱ्या पायावर फुली मारूया की. अरे बाबा, फुली म्हणजे 'इथं कापा' का 'इथं कापू नका'? तू एक समजणार, आतला माणूस दुसरं समजणार. म्हणूनच फुली चालत नाही, जिथं करायचंय तिथंच बाण नाहीतर सर्जनची सही.

तर त्या सिस्टरनं आत्तीला आत घेतलंच नाही. सर्जनना खाली बोलावलं, त्यांनी संमतीचा कागद बघितला, एक्स-रे बघितला, आत्तीला विचारलं, परत बाण काढला. पाऊण तास गेला, बाहेर आमचीच माणसं 'काय चाललंय काय' म्हणून ओरडत होती. ऑपरेशनच्या वेळी तपासायच्या गोष्टींच्या ज्या यादीला, चेकलिस्टला, मेसेज शिव्या घालतो तिच्यामुळंच ही भानगड दारात पकडली गेली, हे त्यांना कोण सांगणार, मीच सांगितलं, जरा जोरातच.

तिसरा मुद्दा या चेकलिस्टचाच. मेसेजचं काय म्हणणं आहे? तर 'अमेरिकन फॅड, कंझ्युमर कोर्टातनं वाचायला सह्या घेतात.' पहिली गोष्ट, ही चेकलिस्ट पेशंटच्या सहीची नाहीच, ती ओटीतल्या लोकांनी मोठ्यानं वाचायची असते. भूल द्यायच्या आधी, चिरा द्यायच्या आधी, आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी. माणूस तोच का, जागा तीच का, अ‍ॅन्टिबायोटिक गेल्या तासाभरात दिलं का, शेवटी सुया आणि मॉप (रक्त टिपायची कापडं) मोजून बरोबर भरले का. एकूण १९ गोष्टी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ ला आणली आणि त्या कामाचे म्होरके सर्जन अतुल गावंडे. राहतात अमेरिकेत, पण वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. आता म्हणा फॅड.

आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यात दिल्ली होतं, टांझानियातलं इफाकारा होतं आणि लंडन, सिएटलही होतं. जानेवारी २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आकडे आले: ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरनं ०.८ वर, मोठी कॉम्प्लिकेशन्स ११ वरनं ७ टक्क्यांवर. निवृत्त सर्जनसाहेबांच्या ५० वर्षांत असलं काही मोजलेलं असेल तर त्यांनी दाखवावं.

बरं, एक गोष्ट कबूल करते, मन मारून. मेसेज म्हणतो 'नुसत्या टिका मारतात', आणि काही ठिकाणी ते खरं आहे, ऑपरेशन झाल्यावर चहा पिता पिता सगळे रकाने भरलेले मी बघितलेत. कॅनडात ऑन्टारिओमध्ये १०१ हॉस्पिटलांत चेकलिस्ट लागू केली तर २०१४ च्या अभ्यासात म्हणावा असा फरक दिसला नाही. कागद लावला म्हणजे काम झालं असं नसतं, मोठ्यानं वाचणारा आणि 'थांबा' म्हणू शकणारा माणूस लागतो. पण त्यावरचा उपाय चेकलिस्ट नीट वाचणं आहे, फेकून देणं नाही.

पहिला मुद्दा, 'दहा वेळा नाव विचारतात म्हणजे गलथान कारभार.' अहो, आपल्या वॉर्डात एका वेळी किती पाटील असतात मोजा की. आक्काताई पाटील दोन तर मीच सांभाळल्यात, एक शुगरची, एक नुसती तापाची. त्यातनं 'तुम्ही आक्काताई पाटील ना?' असं विचारायचंच नसतं, झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. 'पूर्ण नाव सांगा' म्हणायचं आणि हातातल्या पट्ट्यावरचा नंबर जुळवायचा. बेड नंबरवर तर अजिबात विसंबायचं नाही, बेड रात्रीत बदलतात.

चौथा, 'चुकांचं रजिस्टर ठेवणारी हॉस्पिटलं टाळा.' हे वाचून मला हसावं का रडावं कळेना. मी वॉर्डात असताना एकदा डिस्टिल्ड वॉटर समजून पोटॅशियम क्लोराईडची बाटली उचलली गेली होती, दिसायला दोन्ही सारख्याच. सिस्टरनं लेबल दुसऱ्यांदा वाचलं म्हणून ते इंजेक्शनमध्ये गेलं नाही. नाहीतर ते तसंच शिरेत गेलं की हृदय बंद पडतं. तिनं लपवलं नाही, रजिस्टरला लिहिलं, तिला कुणी रागावलं नाही, आणि त्या आठवड्यात ते औषध वॉर्डच्या ट्रेमधनं काढून वेगळ्या कुलपात गेलं. रजिस्टर कोरं असलेल्या हॉस्पिटलात मी माझ्या माणसाला न्यायला घाबरेन.

पाचवा, 'एनएबीएचचा बोर्ड म्हणजे बिल वाढवायचा धंदा.' एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मानांकन देणारी संस्था. मेसेजचं म्हणणं अर्धवट खरं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत एनएबीएच नसलेल्यांना दर कमी मिळतो, त्यामुळं बोर्डासाठी धावणारे आहेतच, आणि तपासणीच्या आठवड्यापुरत्या भिंती रंगवणारेही आहेत. पण सरकारी दवाखान्यांनासुद्धा २०१३ पासून एनक्यूएएस नावाचे असेच निकष आहेत, तिथं कसलं बिल वाढवायचंय?

आत्ती बरी आहे, वॉकर घेऊन घरात फिरते. भिशीच्या ग्रुपवर तिनं स्वतःच लिहिलं की त्या मेसेजवर जाऊ नका. आता म्हणते दिवाळीनंतर डाव्या पायाला जाताना घरातनंच मार्करनं बाण काढून जातो. तिच्या नातवाच्या दप्तरातले मार्कर मी काढून घेतलेत. खूण सर्जननंच करायची असते, हे तिला तिसऱ्यांदा सांगून झालंय.